जुन्या टर्बो डिझेल इंजिनाची ताकद कशी वाढवावी

दोन लाख किलोमीटर धावलेली टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली डिझेल गाडी नागपूरहून शिवनीच्या वाटेवरील कुरई घाटात धापा टाकू लागली, की बहुतेक मालक इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून मागतात. माझा आग्रह वेगळा आहे: वर्षानुवर्षांच्या झिजेत आणि गळतीत हरवलेली मूळ ताकद आधी परत मिळवावी, मगच जास्तीचा विचार करावा.

सुरुवात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, याच्या तपासणीने करावी. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी निघाला, तर पुढचा खर्च थांबवून आधी इंजिनाचे काम करावे. दाब ठीक असेल तर एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलावेत आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर जुळवून घ्यावे.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज तपासावेत. जुन्या गाड्यांचा पिकअप बहुधा येथेच हरवलेला असतो. होज हाताने दाबून, वाकवून पाहावा. क्लॅम्पजवळ तेलकट थरावर धूळ चिकटून काळा पट्टा दिसला, तर तेथून हवा निसटते आहे असे समजावे. टर्बोच्या तोंडाशी टोपण लावून कमी दाबाची हवा सोडावी व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, म्हणजे बुडबुडे चीर दाखवून देतात.

टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहावा. बाजूला किंचित हालचाल चालते. पण शाफ्ट मागेपुढे सरकत असेल किंवा पाती आतल्या भिंतीला घासत असतील, तर टर्बो दुरुस्त करावा. इंजेक्टर आणि पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर तपासून घ्यावेत.

एवढे झाल्यावर बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा मापक) आणि टर्बोच्या आधी बसणारा एक्झॉस्ट तापमापक लावावा. जास्तीचे डिझेल पुरेशा हवेशिवाय काळा धूर आणि उष्णताच वाढवते, आणि पिस्टन त्याच उष्णतेने वितळतो. म्हणून स्क्रू थोडाथोडा फिरवून दर वेळी चढावर चालवून पाहावे. सलग भाराखाली तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये. (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनात हे काम स्क्रूचे नसून संगणकीय जुळवणीचे असते.) वाढलेल्या ताकदीने क्लच घसरत नाही ना, हेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते, तेव्हा मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

नागपुरात एक काळजी विशेष घ्यावी लागते. जानेवारीच्या १५ अंशांच्या सकाळी बेताने जुळवलेला पंप मे महिन्याच्या ४५ अंशांच्या दुपारी जास्त डिझेल देणारा ठरतो, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेचे वजन सुमारे नऊ टक्क्यांनी घटलेले असते. त्यामुळे अंतिम जुळवणी उन्हाळ्याच्या दुपारी, पूर्ण माणसे बसवून आणि एसी चालू ठेवूनच करावी. तेव्हा धूर दिसला, तर इंटरकूलरच्या जाळीतली धूळ धुऊन पुन्हा चालवून पाहावे आणि तरीही तो राहिला, तर स्क्रू मागे घ्यावा.