दोन कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतून एक निवडताना या चुका टाळा

कॅमेरा घेण्यापूर्वी मला विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘दोन नक्की केले आहेत, यांतला कोणता घेऊ?’ हे दोन कशावरून नक्की केले, असे मी विचारतो, आणि घोटाळा बहुधा तिथेच सापडतो. आपण दोन कॅमेऱ्यांची तुलना केली असे या मंडळींना वाटत असते. प्रत्यक्षात त्यांनी दोन कोष्टकांची, दोन स्क्रीनच्या उजेडाची किंवा कोणीतरी आधी बदलून ठेवलेल्या दोन सेटिंगची तुलना केलेली असते.

उदाहरणासाठी माझ्याकडे वारंवार येणारी एक जोडी घेतो : सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. दोन्ही २०१९ सालचे आहेत, दोहोंत ‘१ इंच’ म्हणवला जाणारा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आहे आणि दोन्ही २०.१ मेगापिक्सेलचे आहेत. वजन बॅटरी आणि कार्ड धरून अनुक्रमे ३०२ आणि ३०४ ग्रॅम भरते. या दोन ग्रॅमवरूनही वाद घालणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत. खरा फरक लेन्समध्ये आहे. मिलिमीटरचा आकडा (इथे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) जितका मोठा, तितकी लांबची वस्तू जवळ दिसते; ॲपर्चर म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचे भोक, आणि त्याचा एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. सोनीची लेन्स २४ ते २०० मिमी असून तिचे ॲपर्चर एफ/२.८ ते एफ/४.५ आहे, तर कॅननची २४ ते १०० मिमी असून ॲपर्चर एफ/१.८ ते एफ/२.८ आहे. कागदावर इतकी सारखी दिसणारी जोडी असली की माणसे नेमक्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींवरून निर्णय घेतात.

दुकानातल्या दोन फोटोंवर निकाल देणे

माझा या चुकीवर सर्वांत जास्त राग आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मावसभावाबरोबर मी मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो होतो. शनिवारची संध्याकाळ होती आणि आम्हाला गाडी गाठायची होती. दुकानदाराने दोन कॅमेरे समोर ठेवले, भावाने दोहोंत आपली कार्डे घातली, दारात उभे राहून समोरच्या रस्त्याचे दोन-दोन फोटो काढले आणि मागच्या स्क्रीनवर पाहून जाहीर केले, “दादा, हा सरळ सरळ उजवा आहे. दुसऱ्याचे फोटो हललेले आणि मळकट येतात.” मी थांब म्हणेपर्यंत त्याने पाच हजार रुपये बयाणा दिलेलाही होता.

रात्री घरी येऊन मी दोन्ही कार्डे लॅपटॉपला लावली आणि प्रत्येक फोटोबरोबर नोंदली जाणारी माहिती उघडली. ज्या कॅमेऱ्याला त्याने उजवा ठरवले होते, त्याचे फोटो १/१६० सेकंदाच्या शटरवर (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि आयएसओ (उजेडाविषयीची संवेदनशीलता) १६०० वर निघाले होते. शिवाय कोणीतरी त्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवून ठेवले होते आणि रंगांची सेटिंग भडक केलेली होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात आधीच्या कोणा गिऱ्हाइकाने आयएसओ १२५ वर पक्का करून ठेवला होता, त्यामुळे बिचाऱ्याला शटर १/२० सेकंदापर्यंत खाली आणावे लागले. संध्याकाळच्या वर्दळीत, हातात धरून, १/२० सेकंदाला चालती माणसे हलणार नाहीत तर काय होईल? ॲपर्चर दोन्हीकडे एफ/२.८ होते. म्हणजे भावाने ज्याला लेन्सचा दोष मानले तो आयएसओच्या सेटिंगचा दोष होता, आणि ज्याला ‘रंग छान’ म्हटले ती मेनूतली एक ओळ होती.

दुकानात मांडलेला कॅमेरा दिवसभरात अनेकांच्या हातांतून जातो आणि प्रत्येक हात काही ना काही फिरवून ठेवतो. सोमवारी आम्ही परत गेलो, दोन्ही कॅमेरे मूळ सेटिंगवर आणले, लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसले आणि पुन्हा फोटो काढले. शनिवारचा तो जमीन-अस्मानाचा फरक कुठल्या कुठे गेला. उरलेले फरक लहान होते, पण खरे होते, आणि त्यांच्या आधारावर भावाने शेवटी दुसराच कॅमेरा घेतला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. तिला शास्त्रीय पद्धत म्हणू नये, पण ती मला आजवर पुरली आहे. प्रथम दोन्ही कॅमेरे मेनूतून रिसेट करतो. मग दोन्ही ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवून ॲपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स सारखे करतो; व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर प्रत्येक कॅमेरा आपल्या मनाने रंग ठरवतो आणि तुलनेचा अर्थच जातो. झूमही सारखाच हवा. त्यानंतर वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीला चिकटवून त्याचे प्रत्येकी दहा फोटो काढतो. बारीक टाइपाइतका लेन्सचा प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही : पानाच्या मध्यभागी अक्षरे सगळ्यांचीच नीट येतात, लेन्स उघडी पडते ती कोपऱ्यांत. दहा फोटो यासाठी की एखाद्या वेळी फोकस चुकतो, हात हलतो, आणि एका फोटोवरून कॅमेऱ्याला फाशी देणे बरोबर नाही. पाहणी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर करायची नाही. दोन्हींचे फोटो एकाच लॅपटॉपवर, शेजारीशेजारी ठेवायचे. मेगापिक्सेल वेगवेगळे असतील तर मोठी फाइल लहान करून दोन्ही सारख्या आकारात पाहायच्या, नाहीतर जास्त मेगापिक्सेलवाल्याचे दोष उगाच मोठे दिसतात.

हे सगळे करायला दुकानात अर्धा तास आणि घरी एक तास लागतो. ‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ असे मला तोंडावर म्हणणारे लोक पुढे सहा महिने त्या कॅमेऱ्याबद्दल कुरकुर करण्यासाठी मात्र वेळ काढतात. पंधरा मिनिटांत निकाल हवा असेल तर नाणे उडवावे; निदान बयाणा तरी बुडत नाही.

झूमचा आकडा पाहून भुलणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एके काळी माझ्यासमोर दोन कॅमेरे होते, एक ३० पट झूमचा आणि एक चौपट झूमचा. चौपटीच्या किमतीत तीसपट मिळतो आहे, या हिशेबाने मी पहिला घेतला आणि पुतणीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला चौदाव्या रांगेत जाऊन बसलो. इतक्या मागे बसलो, कारण झूम होता ना! पुतणी मंचावर आली, मी झूम ताणला, आणि त्याबरोबर ॲपर्चर एफ/६.३ वर गेले. आयएसओ ३२०० वर चढवूनही शटर १/३० सेकंदाच्या वर जाईना. लावणीच्या गिरक्यांचे जे फोटो आले त्यांत नऊवारीचा हिरवा पट्टा ओळखता येतो, मूल कोणाचे ते ओळखता येत नाही.

हिशेब अगदी सोपा होता आणि तो मी खरेदीआधी करायला हवा होता. एफ/२.८ ची लेन्स एफ/६.३ च्या लेन्सपेक्षा सेन्सरवर सुमारे पाचपट उजेड पाडते. त्यातून माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.३ इंच प्रकारचा, म्हणजे ६.१७ × ४.५५ मिमी होता, आणि दुसऱ्याचा १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळात हा फरक चौपट होतो. चौपट झूमचा कॅमेरा घेऊन मी पाच-सहा रांगा पुढे बसलो असतो तर काम झाले असते.

याच मोजपट्टीने वरच्या जोडीकडे पाहावे. २४ मिमीला कॅननचे एफ/१.८ हे सोनीच्या एफ/२.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. जिथे कॅनन आयएसओ ८०० वर भागवेल तिथे सोनीला २००० च्या आसपास जावे लागेल. घरातला वाढदिवस, हळदीचा कार्यक्रम, गणपतीची आरती हे तुमचे विषय असतील तर सोनीचा २०० मिमीचा झूम तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. उलट तुम्ही गडकोट फिरत असाल आणि समोरच्या कड्यावरचा बुरूज जवळून टिपायचा असेल तर भर उन्हात एफ/४.५ काहीही अडवत नाही आणि कॅननचा १०० मिमी तोकडा पडतो. भिगवणला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर या दोहोंपैकी एकही घेऊ नये.

‘पण यात स्टॅबिलायझेशन आहे’ हे उत्तर मला लगेच मिळते. दोहोंतही आहे. ते तुमचा हात हलणे सावरते; नाचणाऱ्या मुलीला ते थांबवू शकत नाही. खोक्यावर छापलेला डिजिटल झूम तर हिशेबातच धरू नये, कारण तो फोटो कापून मोठा करणे यापलीकडे काही करत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

मेगापिक्सेलवर भांडणे. २० मेगापिक्सेलची फाइल ५४७२ × ३६४८ पिक्सेलची असते आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तिचा १८ × १२ इंची प्रिंट निघतो. यापेक्षा मोठा प्रिंट तुम्ही शेवटचा कधी काढला होता, ते आठवून पाहावे.

‘१ इंच’ हे नाव खरे मानणे. त्या सेन्सरची कोणतीही बाजू इंचभर नाही, कर्णही साधारण १६ मिमीच आहे. जुन्या काळी व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, तेव्हा नळीच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगितले जाई. नळ्या गेल्या आणि माप मागे राहिले. तुलना करताना मिलिमीटर पाहावेत.

मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेले नमुने पाहून ठरवणे. ते फोटो वाटेतच दाबून लहान केलेले असतात. यावर अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

बॅटरीच्या छापील आकड्याचा कीस पाडणे. स्क्रीन वापरून सोनीचे २६० आणि कॅननचे २३५ फोटो निघतात असे प्रमाणित चाचणीचे आकडे सांगतात. हा फरक एका चहाच्या वेळेचा आहे. दोन्हींसाठी दुसरी बॅटरी लागणारच, तेव्हा तिची किंमत आजच खर्चात धरावी.

दुकानाच्या सावलीत स्क्रीन पाहून खूश होणे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा वाजता रायगडावर उभे राहिल्यावर त्याच स्क्रीनवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही. सोनीत वर उचलून वापरायचा व्ह्यूफाइंडर आहे, कॅननमध्ये नाही. उन्हात फोटो काढणाऱ्याने हा मुद्दा यादीच्या तळाशी ठेवू नये. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून पाहावे.

एनडी फिल्टरची चौकशी न करणे. एनडी फिल्टर म्हणजे आत येणारा उजेड कमी करणारी काळपट काच. कॅननमध्ये तीन स्टॉपचा एनडी फिल्टर आतच बसवलेला आहे. सोनीच्या याच मालिकेतल्या मार्क ३ ते मार्क ५ मध्ये तो होता, पण मार्क ६ पासून काढून टाकला. पावसाळ्यात ठोसेघरला धबधब्याचे पाणी दुधासारखे मऊ यावे म्हणून शटर संथ ठेवायचे असते आणि दिवसाच्या उजेडात एफ/११ वरही ते पुरेसे संथ होत नाही. दोन्ही लेन्सना फिल्टर फिरवून बसवायला आटे नाहीत, त्यामुळे आत नसलेला फिल्टर बाहेरून लावायचा तर जुगाड करावे लागते. त्याच धबधब्याविषयी आणखी एक : दोहोंपैकी एकाही कॅमेऱ्याला पाणी किंवा धुळीपासून संरक्षण नाही.

स्थिर वस्तूवर फोकस तपासणे. काउंटरवरच्या खोक्यावर दोन्ही कॅमेरे क्षणात फोकस करतात. सोनीत ३५७ बिंदूंचा फेज डिटेक्शन ऑटोफोकस आहे, त्याला फोकस कोणत्या दिशेने न्यायचा ते लगेच कळते; कॅनन केवळ कॉन्ट्रास्टवर, म्हणजे पुढे-मागे करून, फोकस शोधतो. हा फरक पाहायचा तर दुकानातल्या पोऱ्याला आपल्या दिशेने चालत यायला सांगावे. धावत्या पोरांचे फोटो काढणाऱ्या आईवडिलांनी तर ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बिलाशिवायचा ‘इम्पोर्टेड पीस’ स्वस्त म्हणून घेणे. वाचलेले पैसे ही त्या कॅमेऱ्याच्या भारतातल्या वॉरंटीची किंमत असते.

वापरलेला कॅमेरा फक्त बाहेरून पाहणे

नवा आणि जुना अशी तुलना असेल, तर जुन्याच्या अंगावरचे ओरखडे मोजण्यात लोक वेळ घालवतात. ओरखड्यांनी फोटो बिघडत नाही. या कॅमेऱ्यांची लेन्स सुरू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते, आणि प्रत्येक वेळी भोवतालची धूळ आत ओढते. विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला जात असताना ज्याने दोन तास कॅमेरा सुरू-बंद केला आहे, त्याच्या कॅमेऱ्यात गुलाल कुठवर पोचला असेल, हे बाहेरून कळत नाही. लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी साफ करता येत नाही. सगळा कॅमेरा उघडावा लागतो आणि त्याचा खर्च थोडाथोडका नसतो.

माझी तपासणी अशी असते. ॲपर्चर एफ/११ करतो, स्वच्छ आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो सर्वांत रुंद बाजूला आणि एक पूर्ण झूमवर काढतो, आणि दोन्ही लॅपटॉपवर उघडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहतो. एफ/१.८ वर हे करण्यात अर्थ नाही, कारण मोठ्या ॲपर्चरला डाग पसरून दिसेनासे होतात, आणि विकणारा नेमका तसाच फोटो दाखवतो. मग लेन्स दहा वेळा आत-बाहेर करून आवाज ऐकतो. खरखर आली किंवा आकाशात करडा ठिपका दिसला, तर किंमत कमी करून मागण्याच्या भानगडीत मी पडत नाही. कॅमेरा परत देतो आणि चहा न घेता निघतो.