पावसाळ्याच्या तोंडावर परसातल्या पिल्लांना लस द्यावी का?

भर उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले मृगाचा पाऊस पडायला लागतो त्या सुमारास दोन-चार आठवड्यांची झालेली असतात. मुंबईतील गोराई-मनोरीची गावठाणे, मढ-वेसाव्याचे कोळीवाडे आणि आरेतील आदिवासी पाडे येथे अशा आठ-दहा पिल्लांचे थवे अजूनही घरोघरी दिसतात. एवढ्याशा पिल्लांसाठी लसीचा खटाटोप करावा की नाही, हा प्रश्न याच दिवसांत विचारला जातो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस प्रत्येक पिल्लाला द्यावी, त्यात दुमत नसावे; इतर लसींचा निर्णय मात्र पिल्ले कुठून आली, त्यांच्या आसपास काय आहे आणि लस थंड अवस्थेत आपल्या दारापर्यंत पोहोचू शकते का, हे पाहूनच घ्यावा.

गावरान कोंबडी काटक असते, तिला लस कशाला, असे अनेक जाणती माणसेही म्हणतात. गावरान कोंबडी ऊन सोसते, उकिरड्यावर पोट भरते, मांजर-घारीपासून पिल्ले राखते, हे सारे खरे आहे. परंतु मानमोडीच्या तीव्र विषाणूपुढे हा काटकपणा कामी येत नाही. लस न दिलेल्या कळपात हा रोग शिरला की शंभरातील नव्वद आणि कधी कधी सर्वच पक्षी चार-आठ दिवसांत दगावतात. पक्षी चोच उघडून धापा टाकतो, हिरवट पातळ हगतो, पंख खाली सोडून बसतो आणि त्यातून जो तगतो त्याची मान पिळवटल्यासारखी एका बाजूला वळते. रोग विषाणूचा असल्यामुळे त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. दुकानातून आणून पाण्यात घातलेली गोळी किंवा पावडर फार तर नंतर जडणाऱ्या जिवाणूंना आवर घालते, मूळ रोगाला नाही. या रोगावर इलाज नाही आणि लस मात्र स्वस्त व परिणामकारक आहे, एवढ्या एका कारणासाठी तरी ती टाळू नये.

मुंबईत धोका वाढण्याचे एक खास कारण आषाढात येते. गटारीच्या आधीच्या पंधरवड्यात जिवंत कोंबड्यांची वाहतूक एकदम वाढते. बाजारातून आणलेला कोंबडा दोन-तीन दिवस घरच्या खुराड्याशेजारीच पायाला दोरी लावून बांधून ठेवला जातो, त्याला त्याच भांड्यातले पाणी मिळते आणि कापल्यावर पिसे, आतडी व धुण्याचे पाणी परसातच पडते. आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ आणि टाकाऊ अवयव यांतून विषाणू पसरत असल्यामुळे घरची पिल्ले त्या जागेवर चोच मारतात तेव्हा त्यांना लागण होऊ शकते. लसीनंतर पिल्लाच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण आठ ते चौदा दिवस लागतात. म्हणून गटारीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा किमान तीन आठवडे आधी लसीकरण उरकलेले बरे.

पहिली लस लासोटा किंवा एफ या सौम्य विषाणूची असते आणि ती पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकून देतात. हे वय उलटून गेले म्हणून लस सोडून देऊ नये. तीन आठवड्यांच्या पिल्लालाही हाच थेंब चालतो. लासोटाची दुसरी मात्रा साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात द्यावी. त्यानंतर आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस कातडीखाली टोचतात. ही लस अधिक जहाल विषाणूची असल्याने सहा आठवड्यांच्या आतील पिल्लांना ती कधीही देऊ नये, कारण त्यांना तिच्यानेच लुळेपणा येऊन मृत्यू ओढवू शकतो. हाताशी जी कुपी आहे तीच सगळ्यांना टोचून टाकण्याची चूक लहान कळपांत हमखास होते, म्हणून कुपीवरील नाव वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

देवीच्या लसीबाबत मुंबईकरांनी अधिक गांभीर्याने विचार करावा, असे मला वाटते. कोंबड्यांच्या देवीचा विषाणू डासांच्या चाव्यातून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि जून ते ऑक्टोबर या काळात आपल्याकडे डासांना तोटा नसतो. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि डोळ्यांच्या कडा यांवर खपल्या धरतात. डोळे चिकटले की पिल्लाला दाणे दिसत नाहीत आणि ते भुकेनेच खंगते; तोंडाच्या आत चट्टे आले तर श्वास कोंडून मरते. ज्या वस्तीत मागील पावसाळ्यात अशा खपल्या दिसल्या असतील, किंवा खुराडे गटार, खारफुटी अथवा साचलेल्या पाण्याजवळ असेल, तेथे सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ही लस द्यावी. पंख पसरून धरला की कोपरापाशी कातडीचा एक पातळ पडदा ताणला जातो. पिसे बाजूला सारून, शीर चुकवून, लसीत बुडवलेली दोन टोकांची सुई त्या पडद्यातून आरपार घालतात. सात ते दहा दिवसांनी त्या जागी बारीक गाठ किंवा खपली दिसली पाहिजे. ती न दिसल्यास लस लागली नाही असे समजून पुन्हा द्यावी लागते. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि नंतर देवी आली की लसीलाच दोष देतात. गळून पडणाऱ्या खपलीतही लसीचा विषाणू असतो, त्यामुळे अर्ध्या कळपाला आज आणि अर्ध्याला महिन्याने असे न करता सर्वांना एकाच दिवशी लस द्यावी. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांना मात्र ती टोचू नये.

गंबोरो हा तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा रोग आहे आणि त्याने प्रतिकारशक्तीचा पायाच खचतो, त्यामुळे आधी दिलेल्या मानमोडीच्या लसीचा गुणही कमी होतो. हॅचरीतून वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले आणली असतील, अथवा त्याच जागेत पूर्वी हा रोग येऊन गेला असेल, तर चौदाव्या ते अठराव्या दिवशी ही लस द्यावी. याचा विषाणू जमिनीत व खुराड्याच्या लाकडात अनेक महिने टिकतो, म्हणून जागेचा इतिहास येथे महत्त्वाचा ठरतो. घरच्याच कोंबडीखाली निघालेल्या आणि बाहेरचा एकही पक्षी न आलेल्या लहान थव्याला ती प्रत्येक वेळी लागतेच असे नाही.

मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस जन्माच्या पहिल्या दिवशी हॅचरीतच मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. पिल्ले विकत घेताना ती दिली आहे का, हे विचारावे आणि शक्यतो पावतीवर लिहून घ्यावे. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांसाठी घरी तिचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकली जाणारी पिल्ले बहुधा अंडी देणाऱ्या जातींचे टाकून दिलेले नर असतात. त्यांना कोणती लस मिळाली हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. मुलांच्या हट्टापायी अशी पिल्ले घरी आणलीच, तर ती लस न मिळालेली आहेत असेच धरून चालावे आणि तीन आठवडे घरच्या पिल्लांत मिसळू देऊ नयेत.

रक्ती हगवण आणि बर्ड फ्लू या दोहोंवर परसातल्या पिल्लांना आपल्याकडे लस दिली जात नाही. पावसात रक्ती हगवणीने बरीच पिल्ले मरतात आणि तिला उत्तर कोरडे अंथरूण हेच आहे. खुराड्यातील तूस किंवा लाकडाचा भुसा रोज हलवावा, ओला झालेला भाग उचलून टाकावा आणि पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, म्हणजे पिल्ले त्यात पाय घालून सांडलवंड करणार नाहीत. विष्ठेत रक्त दिसताच औषधासाठी पशुवैद्यकाकडे जावे.

लसीची किंमत ही अडचण नसते. अडचण कुपीच्या आकाराची आणि उष्णतेची असते. मानमोडीची सर्वांत लहान कुपी साधारणतः १०० मात्रांची मिळते आणि घरात पिल्ले असतात दहा. शिवाय एकदा पाणी घालून विरघळवलेली लस एक ते दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. म्हणून एकट्या घराने लस आणण्यापेक्षा पाड्यातील किंवा आळीतील सात-आठ घरांनी मिळून एक सकाळ ठरवावी. याचा दुसरा लाभ त्याहून मोठा आहे: एका घरची पिल्ले संरक्षित आणि शेजारच्या घरची उघडी राहिली, तर रोगाला वस्तीत जागा राहतेच.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली तरच जिवंत राहते. परळ किंवा अंधेरीहून लोकल, रिक्षा आणि पुढे मार्वे-मनोरी फेरीबोट असा प्रवास जून महिन्याच्या उकाड्यात दीड-दोन तासांचा होतो. तेवढ्या वेळात पिशवीत नुसती ठेवलेली कुपी निकामी होऊ शकते, आणि ती निकामी झाल्याचे डोळ्यांना मुळीच कळत नाही. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे घालून, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणावी. पोहोचल्यावर ती फ्रिजच्या मुख्य कप्प्यात ठेवावी. दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. थंडावा मध्येच तुटला अशी शंका असल्यास ती कुपी वापरून समाधान मानण्यापेक्षा नवी आणावी, कारण लस दिली आहे या भरवशावर नंतर काळजी घेणेच सुटते.

पाण्यातून लस देण्याचा मार्ग मोठ्या फार्मसाठी योग्य असला, तरी मुंबईत त्यात आणखी एक अडचण आहे. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि क्लोरीनने लसीतील विषाणू मरतो. पाण्यातूनच द्यावयाची असेल तर उकळून निववलेले पाणी घ्यावे आणि लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर मिसळावी. दहा पिल्लांना मात्र थेंबच सोयीचा. पिल्लू डाव्या मुठीत हलकेच धरावे, डोके एका कुशीवर करावे, सोबत मिळालेल्या ड्रॉपरने डोळ्यात एक थेंब सोडावा आणि पिल्लाने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत त्याला सोडू नये. थेंब ओघळला तर पुन्हा टाकावा. हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे आणि कुपी बर्फावरच ठेवावी. लस दिल्यावर दोन-तीन दिवस पिल्ले थोडी शिंकतात किंवा मलूल दिसतात, त्याने घाबरून जाऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, हात डोळ्यांना लावू नयेत, कारण हा विषाणू माणसाच्या डोळ्यांना काही दिवस लाली आणतो. रिकाम्या कुप्या उकळून मगच टाकाव्यात.

पावसात भिजलेल्या, हगवण लागलेल्या किंवा आधीच सुस्त असलेल्या पिल्लांना त्या दिवशी लस देऊ नये. ती बरी होईपर्यंत थांबावे. कळपात मर सुरू झाली असेल तर लस हा उपचार नव्हे. अशा वेळी आजारी पक्षी वेगळे करावेत, पक्ष्यांची ने-आण व विक्री थांबवावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. बरेच पक्षी एकाएकी मेले तर ते घरी कापून पाहू नयेत, नाल्यात किंवा खाडीतही टाकू नयेत. बर्ड फ्लूची शक्यता तपासणीनेच दूर होते. महाराष्ट्रात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता, आणि वेळेवर कळवण्याचे मोल तेव्हापासून अनेकदा दिसून आले आहे.

मानमोडी व देवीच्या लसी पुण्यातील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांमार्फत मागवता येतात. मागणी आठ-दहा दिवस आधी नोंदवावी, म्हणजे ठरलेल्या सकाळी कुपी हाती असते. लस दिल्यावर कुपीवरील बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, घरनिहाय पिल्लांची संख्या आणि पुढील मात्रेची तारीख एका वहीत लिहून ती वही पाड्यातील एकाच घरी ठेवावी.