डुप्लिकेट फोटो शोधायला बसण्याआधी

कॉम्प्युटरवरचे डुप्लिकेट फोटो काढायचं मनावर घेतलं की माणूस आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतो. ते सगळ्यात सोपं काम आहे, शेवटी केलं तरी चालतं. आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: एकाच फोटोच्या तीन प्रती समोर आल्या तर कुठली ठेवायची? हे ठरलेलं नसलं की स्कॅन संपल्यावर पडद्यावर शेकड्याने जोड्या उभ्या राहतात, पहिल्या पंधरा-वीस मन लावून बघितल्या जातात, मग कंटाळा येतो आणि ‘सगळे निवडा’वर बोट जातं. नको ते जातं ते बहुतेक याच क्षणी.

मग साठा कुठे कुठे पसरलाय ते बघा. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडच्या कुठल्याही घरात डोकावलंत तर चित्र साधारण सारखंच दिसेल: सोसायटीच्या गणपतीचे फोटो, हिवाळ्यात तलावावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो, गावच्या लग्नाच्या सीडीवरून उतरवलेले, आणि वॉट्सअ‍ॅपवरून आलेला ढीग. त्यात फोन बदलताना घाईत केलेले फोल्डर. ‘जुना फोन’, ‘जुना फोन नवीन’, ‘आईचा फोन फायनल’. पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, ड्रॉवरमधली बंद पडत आलेली हार्ड डिस्क, सगळं एका जागी आणा आणि एकाच मोठ्या फोल्डरखाली कॉपी करा. कट नाही, कॉपी. कुठून काय आलं ते फोल्डरच्या नावात राहू द्या, कारण पुढे ‘कुठली ठेवायची’ याचं निम्मं उत्तर त्या नावातच असतं.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि घेतल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर स्कॅन करताना तीही यादीत येते, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तुमचा अख्खा बॅकअप म्हणजे डुप्लिकेटच. ठेवण्याआधी त्यातले चार-सहा फोटो खरोखर उघडून बघा. फोल्डरचा आकार जुळला म्हणजे फोटो उघडतीलच असं नाही. पेन ड्राइव्हवर थेट काम करू नका. विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जातं. बिनलाही मर्यादा असते, हे फार जणांना माहीत नसतं.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हशी जोडलेला फोल्डर असेल तर आधी सिंक थांबवा. तिथे इकडे उडवलं की तिकडेही उडतं, आणि बायकोच्या लॅपटॉपवरूनही. शिवाय ज्या फाइल फक्त क्लाउडवर आहेत त्या वाचायला गेलं की एकेक करून उतरू लागतात. स्कॅन रेंगाळतो आणि इंटरनेटचा डेटा संपतो तो वेगळाच. अ‍ॅपलच्या फोटोजची लायब्ररी किंवा लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंदवही, असेल तर त्याच्या आतल्या फाइलना बाहेरून हात लावू नका, नाहीतर कॅटलॉगमध्ये चित्र दिसतं आणि फाइल नसते. मॅकवाल्यांना २०२२ पासून फोटोजमध्येच डुप्लिकेटचा वेगळा अल्बम मिळतो, तोच वापरावा.

लॅपटॉपचा चार्जर लावा आणि स्लीप बंद करा. मोठा साठा पहिल्यांदा वाचायला बराच वेळ लागतो, म्हणून जेवणाआधी लावून द्यावा. पावसाळ्यात डेस्कटॉपवर करत असाल तर यूपीएस असलेला बरा.

आता थोडं समजून घ्यायचं, कारण इथे न समजता पुढे गेलेला माणूस नंतर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. शोध दोन प्रकारचा असतो. पहिल्यात अगदी तंतोतंत सारख्या फाइल सापडतात. प्रत्येक फाइलच्या सगळ्या मजकुरावरून एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. १९९२ सालचा एमडी५ नावाचा प्रकार ३२ अक्षरांचा ठसा देतो. दोन ठसे जुळले की त्या फाइल एकच, मग नाव काहीही असो. पण फाइलमध्ये तसूभर फरक पडला तरी ठसा पार बदलतो. तुम्ही फोटोला नुसता टॅग लावला, तारे दिले किंवा आडवा होता तो उभा करून सेव्ह केला, तरी हा शोध त्याला वेगळा फोटो समजेल.

दुसरा शोध चित्राकडे बघतो. त्यातली एक साधी पद्धत अशी: फोटो ९ बाय ८ ठिपक्यांइतका बारीक करायचा, रंग काढून टाकायचे, आणि प्रत्येक ओळीत डावीकडचा ठिपका शेजारच्या उजवीकडच्या ठिपक्यापेक्षा उजळ की गडद एवढंच टिपायचं. आठ ओळी, ओळीत आठ तुलना, झाले ६४ हो-नाही. दोन फोटोंच्या ६४ उत्तरांत किती ठिकाणी फरक आहे ते मोजलं की सारखेपणा कळतो. शून्य फरक म्हणजे जवळपास तेच चित्र, चार-पाच म्हणजे बहुधा त्याचीच लहान केलेली प्रत. म्हणून वॉट्सअ‍ॅपने आकसलेला फोटो मूळ फोटोशी जुळतो, पण कडेचा माणूस कापून टाकलेला फोटो हातून सुटू शकतो.

आणि म्हणूनच काही गोष्टी या दुसऱ्या शोधातून आधीच बाहेर काढून ठेवाव्या लागतात. सातबारा, मार्कशीट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, डॉक्टरांचे कागद: पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, ९ बाय ८ ठिपक्यांत सगळे सख्खे भाऊ. यांचा वेगळा फोल्डर करा आणि तो यादीतून वगळा. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन केली असेल तर तेही असेच उचलून बाजूला ठेवा. मागे पेन्सिलीने ‘वाशी, नवीन जागा, १९८८’ असं आजोबांनी लिहिलेलं असतं, आणि सॉफ्टवेअरला ते सगळे एकसारखे पिवळट चौकोन दिसतात. पुढची बाजू परत कुठेतरी मिळेल, नात्यातल्या कोणाकडे प्रत असेल. मागच्या बाजूची दुसरी प्रत नसते. संध्याकाळच्या खाडीचे फोटोही असेच फसवतात, वर उजळ आकाश आणि खाली गडद पाणी, वर्षं वेगळी असली तरी.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपीजी (नेहमीचा फोटो) अशा जोडीने शूट करत असाल तर ती जोडी डुप्लिकेट नाही, हे कागदावर लिहून ठेवा. आयफोनच्या लाइव्ह फोटोबरोबर एक छोटा व्हिडिओ असतो. चित्र हलवलं तर तोही बरोबर हलवायचा. आणि नावावर कधी जाऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन अगदी वेगळे फोटो असणं अगदी सहज घडतं.

आता तो कागद. उदाहरणाला विसर्जनाचा एक फोटो घेऊ: २०१९ ची अनंत चतुर्दशी, १२ सप्टेंबर, मूर्ती ट्रकवर चढवताना. कॅमेऱ्यातली प्रत सहा एमबीची, आत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव शाबूत. दुसरी सोसायटीच्या ग्रुपवरून फिरून आलेली, दोनशे केबीच्या आसपास, नावात २०१९०९१२ आणि पुढे ‘डब्ल्यूए’. मोठी करून बघा: ढोलवाल्याच्या कपाळावरचा गुलाल नुसता गुलाबी डाग झालेला असतो आणि मागच्या इमारतीच्या ग्रिलच्या रेषा एकमेकीत मिसळलेल्या असतात. वॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना आतली माहितीही काढून टाकतं, त्यामुळे या प्रतीत तारीख उरते ती फक्त नावात. तिसरी प्रत कोणीतरी उजळ करून पुन्हा सेव्ह केलेली, आणि ती आहे आठ एमबीची. इथे पुष्कळ जण चुकतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्वात मोठी फाइल ठेवा’ असं बटण असतं आणि ते वाजवी वाटतं, पण जास्त दर्जा लावून पुन्हा सेव्ह केलेली नक्कल मूळ फाइलहून जड असू शकते. तेव्हा नियम आकाराचा लावू नका. आधी कॅमेऱ्याची माहिती शाबूत असलेली प्रत, मग जास्त पिक्सेलची, मग आकार. आणि डब्ल्यूएवाली प्रत एकटीच असेल, जोडीला मूळ नसेल, तर तीच मूळ समजून ठेवायची. सोसायटीतल्या निम्म्या आठवणी कोणाच्या तरी हरवलेल्या फोनमध्ये होत्या आणि आता फक्त तशाच उरल्यात.

तारखेचा आग्रह पक्ष्यांच्या फोटोंना जास्तच लागू. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याआधीचे नेरूळच्या तलावावरचे फोटो तुमच्याकडे असतील तर कुठल्या महिन्यात पक्षी होते हे सांगणारी नोंद आहे ती. तारीख पुसलेली प्रत ठेवून तारीखवाली उडवली तर उरतं फक्त गुलाबी ठिपक्यांचं सुंदर चित्र.

थवा उडताना बटण दाबून धरून काढलेले फोटो मात्र डुप्लिकेट नव्हेतच. ते सारखे आहेत, आणि त्यांची छाननी हे वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी करायचं. सॉफ्टवेअर त्यांचा एक लांबलचक गट करून देईल, पण कुठल्यात चोच स्वच्छ आली आणि कुठल्यात पंख कापला गेला हे पूर्ण आकारात बघूनच कळतं. कुटुंबाच्या ग्रुप फोटोंचंही तेच. एकात आईचे डोळे मिटलेत, दुसऱ्यात ती छान आलीय पण आत्या दुसरीकडे बघतेय. असे फोटो एकट्याने निवडू नका, माझं स्पष्ट मत आहे. आत्याला किंवा आजीला शेजारी बसवा; तुम्हाला जे मागचं कोणीतरी वाटतं त्याचं नाव त्यांना ठाऊक असतं.

सॉफ्टवेअर आता निवडा. डुपगुरू (dupeGuru), चकावका (Czkawka) आणि डिजिकॅम (digiKam) हे तिन्ही फुकट आहेत आणि कोड खुला आहे. डुपगुरूत फोल्डरला ‘रेफरन्स’ अशी खूण करता येते, म्हणजे त्यातलं काही डिलीटसाठी निवडलंच जात नाही. कॅमेऱ्यातून थेट उतरवलेल्या फोल्डरला ती खूण करून टाका. डिजिकॅम आधी सगळ्या फोटोंचे ठसे तयार करून घेतो, त्यात वेळ जातो, पण ज्यांना पुढे अल्बमही नीट लावायचेत त्यांना तोच सोयीचा. पैसे मागणारे, ‘एका क्लिकमध्ये पीसी साफ’ म्हणणारे प्रकार घ्यायची गरज नाही.

पहिला स्कॅन अख्ख्या साठ्यावर लावू नका. एखाद्या गणपतीचा एकच फोल्डर घ्या, आधी तंतोतंत शोध, तो निस्तरला की सारखेपणाचा, आणि सारखेपणाची पट्टी अगदी कडक ठेवून. निकाल चाळा. वेगवेगळे फोटो एकत्र येत नसतील तर एक पायरी सैल करा, येऊ लागले की एक पायरी मागे या. जिथे थांबलात तो आकडा त्या कागदावर लिहा आणि बाकीच्या साठ्याला तोच लावा.

डिलीटचं बटण पहिल्या फेरीत वापरायचंच नाही. तिन्हींपैकी काहीही वापरा, निवडलेल्या फाइल हलवायच्या ‘काढलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये, जमलं तर मूळ फोल्डरची रचना कायम ठेवून, म्हणजे एखादा परत हवा झाला तर कुठे ठेवायचा ते कळेल. त्या फोल्डरच्या नावात तारीख घाला. पुढचा गणपती आणि दिवाळी जाऊ द्या. फोटोंची मागणी त्याच दिवसांत होते आणि काही चुकून गेलं असेल तर तेव्हाच उघडकीला येतं. तोवर घरात सगळ्यांना सांगून ठेवा की हा फोल्डर जागा खातोय म्हणून कोणी परस्पर उडवायचा नाही.