यूथ ग्रुपमध्ये एलियनचा विषय घ्यायचाय? मग असा घ्या

पहिल्यांदा आमच्या पॅरिश हॉलमध्ये हा विषय घेतला तेव्हा मी सुरुवातच चुकवली, प्रोजेक्टरवर यूएफओचे व्हिडिओ लावले आणि मग दीड तास पोरं 'खरं की एडिट' यावरच भांडत बसली, येशूचं नावसुद्धा निघालं नाही, सामोसे खाल्ले आणि सगळे घरी. तेव्हा व्हिडिओ नको. एलियन आहेत की नाहीत हे आपल्या हॉलमध्ये ठरणार नाहीये. आपला प्रश्न एवढाच, की ते असलेच तर येशू त्यांचाही का?

जमलं तर आधी पोरांना आकाश दाखवा. जानेवारीत गोराईच्या किनाऱ्यावर रात्री ८ च्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं, मृग नक्षत्रातला राजन्य तारा शोधायचा आणि हात लांब करून तिथून उजवीकडे साधारण अडीच मुठी मोजायच्या. तिथे एक मंद तारा आहे, एप्सिलॉन एरिडानी. हवा स्वच्छ असली तरच दिसतो, दादरला तर विसराच. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक नावाच्या माणसाने अमेरिकेत रेडिओ दुर्बीण ज्या दोन ताऱ्यांकडे वळवून कान लावला त्यातला हा एक. साडेदहा प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आज 'हॅलो' म्हटलं तर उत्तर यायला २१ वर्षं, तोवर ही पोरं स्वतःच्या पोरांना कॅटेकिझमला सोडायला येत असतील. अजून तरी कुठूनच खात्रीचं काही ऐकू आलेलं नाही हेही सांगून टाका. पण १९९५ मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला आणि आता आकडा पाच हजारांच्या वर गेलाय, त्यामुळे प्रश्न उगाचचा नाही.

मग हॉलमध्ये बायबल उघडा. स्तोत्र ८ आणि कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय पुरे, त्यात आकाशातलं आणि पृथ्वीवरचं सगळं ख्रिस्तामध्ये निर्माण झालं असं आहे, आणि 'सगळं' या शब्दावर पोरांना जरा थांबवा. कोणीतरी योहान १०:१६ काढणारच, जिथे येशू म्हणतो की माझी 'दुसरी मेंढरं'ही आहेत. खपवून घेऊ नका, तिथे रोख यहुदी नसलेल्या लोकांकडे आहे असंच सहसा मानतात, ओढूनताणून एलियन घुसवायचे नाहीत.

आता खरा भाग, याला निम्मा वेळ ठेवा. मागच्या वेळी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, आदाम त्यांचा पूर्वजच नाही, मग त्यांना आदिपाप कुठून लागणार?" हॉल गप्प. आदिपाप म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांना वारशाने आलेलं पाप, आणि येशू मेला तो त्यातून सोडवायला, म्हणून प्रश्न अवघड. हा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा आणि पोरांचे तीन गट करा. पहिल्या गटाला विल्यम ऑफ व्होरिलाँग द्या, हा १५ व्या शतकातला फ्रान्सिस्कन, याचं म्हणणं की ख्रिस्ताचं इथलं एक मरण दुसऱ्या जगांनाही पुरेल, तिकडे जाऊन पुन्हा मरायची गरज नाही. दुसऱ्याला मध्ययुगातला मोठा धर्मपंडित संत थॉमस अक्विनास: जग एकच आहे असं तो मानायचा, पण देवपुत्राला एकाहून जास्त मानवी स्वभाव धारण करता येईल हेही त्यानेच लिहून ठेवलंय. तिसऱ्याला मध्ययुगातलाच फ्रान्सिस्कन डन्स स्कोटस: पाप झालंच नसतं तरी देहधारण, म्हणजे देवपुत्राचं माणूस होणं, झालं असतं, कारण मुळात ती प्रेमाची गोष्ट. हा गट मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे एलियन पापी की निष्पाप याने फारसं अडत नाही. वाद थंड पडला तर ख्रिस्ती धर्मावर टीका करणारा लेखक थॉमस पेन याचा टोमणा सोडा, १७९४ मधला: मग काय देवपुत्राने एका जगातून दुसऱ्या जगात मरतच फिरायचं का? लगेच तापतं.

'चर्चने कायम विरोधच केला' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि तो ब्रुनोचं नाव घेतो, म्हणजे अगणित जगं आहेत म्हणणारा इटालियन विचारवंत. १६०० मध्ये त्याला रोममध्ये जाळलं हे खरं, लपवू नका, पण आरोपांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व नाकारणंही होतं. आणि १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने 'देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही' हे मतच निषिद्ध ठरवलं होतं, हेही सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की पोप फ्रान्सिस म्हणाले एलियन आहेत. नाही हो. २०१४ च्या एका प्रवचनात ते म्हणाले, उद्या मंगळावरचे हिरवे, लांब नाकाचे लोक आले आणि बाप्तिस्मा मागितला तर? विषय होता बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, पेत्राने परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, चर्चचं दार उघडलं तो प्रसंग. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फादर फुनेस मात्र २००८ मध्ये परग्रहवासीयाला आपला भाऊ म्हणाले होते, वर हेही की येशूच्या दाखल्यातलं शंभरातलं हरवलेलं मेंढरू कदाचित आपणच असू.

फादरना आधी कल्पना द्या, शेवटची दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा आणि अडचणीचे प्रश्न तिकडे ढकला. आमच्याकडे शेवटची चिठ्ठी होती, तिकडे गहू आणि द्राक्षं उगवतच नसतील तर भाकर आणि द्राक्षारसाशिवाय मिस्सा कशी होणार? फादर म्हणाले पुढच्या रविवारी सांगतो. त्याला आता तीन रविवार झाले.