कोपर आपोआप बरं होतं, मग संशोधन कशाचं?

एमपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच गाईड विचारतात, "विषय काय ठरवलास?" मी टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, म्हणून मोकळी झाले. ओपीडीत असे पेशंट रोज यायचे, तपासणी सोपी, महागडं यंत्र नको. शेजारच्या टेबलावरची सीनियर हसली. म्हणाली, "फसलीस. तो आपोआप बरा होतो." मला वाटलं, मग तर छानच की, सगळे पेशंट बरे होणार! तिच्या बोलण्यातली मेख कळायला माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी नावाचा घोळ. माझ्याकडे आलेल्यांत टेनिस खेळणारं कुणी नव्हतं. पिळे पिळून, पक्कडीने पातेली उतरवून हैराण झालेल्या मावश्या होत्या, पाना फिरवणारे प्लंबर होते, दिवसभर कात्री चालवणारे एक शिंपीकाका होते. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने हे दुखणं नोंदवलं तेही लिहिणाऱ्या लोकांत. टेनिसचं नाव त्याला इंग्लंडात नंतर चिकटलं. आपल्याकडे ते घरोघरी पोचलं सचिनमुळे. २००५ च्या मे महिन्यात लंडनला त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, आणि अजूनही पेशंट विचारतात, "म्हणजे सचिनला झालं होतं तेच ना?" दुखतो तो मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे. पुस्तकात त्याला एपिकॉन्डिलायटिस म्हणतात, आणि 'आयटिस' म्हटलं म्हणजे सूज आलीच. पण १९७९ साली निर्शल आणि पेट्रोन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच; तंतूंची वीण विस्कटलेली होती. सूजच नसेल तर यावर टोचतात ते सूज उतरवणारं स्टेरॉइड नेमकं करतं काय, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

या विषयात शिरणाऱ्याने आधी वाचावा तो नेदरलँड्समधला २००२ चा अभ्यास. १८५ पेशंट, तीन गट: एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याला फक्त 'थांबा, बघू'. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे, फिजिओवाले ४७, नुसते थांबलेले ३२. इथे अभ्यास थांबला असता तर आपण सगळे सुया टोचत बसलो असतो. पण त्यांनी बावन्न आठवडे वाट पाहिली, आणि चित्र उलटं झालं. इंजेक्शन ६९ टक्के, फिजिओ ९१, थांबलेले ८३. काहीही न केलेले लोक इंजेक्शनवाल्यांच्या पुढे! २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या १९८ पेशंटांच्या अभ्यासातही तेच दिसलं. इंजेक्शनने लवकर आराम पडलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं परत उलटलं.

आता ८३ चा आकडा पुन्हा बघा. सीनियर हसली होती ती यावर. दुखणं असह्य झालं की माणूस ओपीडीत येतो, म्हणजे शिखरावर असताना येतो. तिथून उतार बहुधा होणारच. तुम्ही शेक द्या, टेप लावा, मंत्र म्हणा, तीन महिन्यांनी 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर' यांत झकास फरक दिसेल. त्यामुळे एकच गट घेऊन या विषयावर प्रबंध करू नका, हे माझं अगदी ठाम मत आहे. तुलनेचा गट नसेल तर तुम्ही फक्त कॅलेंडरची परिणामकारकता मोजताय. ऑस्ट्रेलियात तर २६ पेशंटांवर ऑपरेशनचीच अशी परीक्षा घेतली गेली: अर्ध्यांचा खराब कंडरा कापून काढला, अर्ध्यांना नुसता छेद देऊन शिवलं. २०१८ ला निकाल छापून आला, दोन्ही गटांत फरक नाही.

मी दोन गट घेतले, नुसता व्यायाम आणि व्यायामासोबत मलिगनचं मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा किंचित बाजूला सरकवून धरण्याची पद्धत. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मग सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी, आणि त्यानंतरच पहिला पेशंट. २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून नोंदणी चालत नाही. 'चार पेशंट घेऊन ठेवू, नोंदणी होईल' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते चार फुकट जातात.

माझी खरी फजिती झाली पाकिटांत. कोणता पेशंट कोणत्या गटात, हे कॉम्प्युटरने काढलेल्या यादीप्रमाणे क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत असतं. मी स्टेशनरीच्या दुकानातून साधी पांढरी पाकिटं आणली. अठराव्या की एकोणिसाव्या पेशंटच्या वेळी बघते तर आमचा इंटर्न पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून वाचतोय! त्याच्या ओळखीच्या एक मावशी होत्या, त्यांना 'चांगल्या' गटात घालायचं होतं. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण त्या क्षणी माझं रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांची वाटणी, मातीत गेलं. तोवरचे पेशंट बाजूला काढले, कमिटीला लेखी कळवलं, नव्याने सुरुवात केली. पाकिटात काळा कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइल घाला, आणि पाकिटं अशा माणसाच्या कुलपात ठेवा ज्याला तुमच्या पेशंटशी घेणंदेणं नाही.

मोजमाप करणाऱ्याला गट माहीत नसावा, हे पुस्तकात एका ओळीत असतं. प्रत्यक्षात पेशंट खुर्चीत बसताक्षणी म्हणतो, "त्या मॅडम हात धरून बाजूला सरकवतात ना, त्याने बरं वाटतं." झालं! म्हणून प्रत्येकाला दाराबाहेरच सांगायची सवय लावली: आत उपचाराबद्दल बोलायचं नाही, दुखण्याबद्दल कितीही बोला. मोजायची ती पकडीची ताकद: कोपर सरळ ठेवून, कळ यायला लागेपर्यंतच पकड दाबायची आणि तीनदा मोजून सरासरी काढायची. पुरुष हमखास जोर दाखवायला जातात. 'दुखायला लागलं की सोडा' हे वाक्य दर वेळी म्हणा, चौथ्या भेटीतही.

प्रश्नावली पीआरटीईई, टेनिस एल्बोच्या पेशंटने स्वतः भरायची, पंधरा प्रश्न, शून्य म्हणजे ठणठणीत आणि शंभर म्हणजे बेजार. साधारण ११ गुणांचा फरक पडला तर पेशंटला तो जाणवतो असं धरतात, आणि नमुन्याचा आकार, म्हणजे किती पेशंट लागतील ते, तिथून काढतात. त्यात दाराची मूठ फिरवणं आहे, भरलेला कॉफीचा कप तोंडाशी नेणं आहे. आमच्या मावशींच्या दाराला कडी होती. ओला टॉवेल पिळणं मात्र बरोबर लागलं. तो प्रश्न आला की बायका खुर्चीतच हात पिळून दाखवायच्या. तुम्हाला वाटेल, शब्द बदलू आणि पुढे जाऊ. तसं करू नका. भाषांतर, उलट भाषांतर, थोड्या लोकांवर चाचणी, मूळ कर्त्यांची परवानगी, एवढं करून मगच वापरा.

आणि गळती. बारा आठवड्यांचा फॉलो-अप दिवाळीत येतो का, पेरणीत येतो का, हे पहिल्याच दिवशी बघा. बरं वाटलेला माणूस बसभाडं खर्चून तुम्हाला 'बरं वाटतंय' सांगायला येत नाही, आणि मग तुमच्या तक्त्यात फक्त दुखणारे उरतात. मी दोन फोन नंबर घ्यायला लागले, एक त्यांचा, एक मुलाचा किंवा शेजारणीचा, अर्थात संमतीपत्रात तसं लिहून.

निकाल? दोन्ही गट सुधारले. फरक होता, पण ११ च्या खाली. मी आठवडाभर तोंड पाडून हिंडत होते. काही सोबत्यांनी सुचवलं, एखादं उपगटाचं विश्लेषण करून बघ, म्हणजे फक्त बायका किंवा फक्त तरुण असे वेगळे काढून, काहीतरी निघेल. निघालंही असतं. गाईड म्हणाल्या, जे ठरवून नोंदवलंस तेच लिही. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे सांगणारा आकडा, विचारलीच नाही. किती जण गळाले आणि का, हे मात्र दहा मिनिटं विचारलं.

प्रबंध बारा आठवड्यांचाच होता, पण नेदरलँड्सचे ते बावन्न आठवडे डोक्यातून जात नव्हते. सबमिशन झाल्यावर, संमतीपत्रात वर्षाने फोन करायची सोय ठेवली होती म्हणून, एकेकाला फोन लावले. पहिल्या मावशी माझ्या अभ्यासातल्या सगळ्यात जास्त गुणांच्या, सुरुवातीला कपसुद्धा न उचलू शकणाऱ्या. विचारलं, "मावशी, कोपर कसं आहे?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली, भांडी वाजली. मग त्या म्हणाल्या, "बरं आहे की गं. थांब हं, कुठल्या हाताचं होतं ते?"