हवा मारू नका, पाणी टाकू नका: ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या भुकटीजवळ काम करताना

आयटीआय करून कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लागलेल्या मुलांना दोन सवयी लवकर लागतात: शिफ्ट संपताना मशीनवर कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि कुठे धूर दिसला की पाण्याची बादली उचलायची. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या बारीक भुकटीजवळ या दोन्ही सवयी जिवावर बेततात.

हवा मारली की भुकटीचा ढग उठतो. एका घनमीटर हवेत ३० ते ६० ग्रॅम बारीक ॲल्युमिनियम तरंगत असेल तर एक ठिणगी पुरते. पहिला भडका अनेकदा छोटाच असतो. त्याच्या हादऱ्याने तुळया, डक्ट आणि केबल ट्रेवर साचलेली धूळ खाली येते, आणि दुसरा स्फोट शेड उडवतो. म्हणून झाडताना नजर वरही जाऊ द्या. धुळीच्या थराखाली रंग दिसेनासा झाला असेल तर काम थांबवून साफसफाई करा: मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश, ठिणगी न पाडणारा पितळी स्कूप, हात सावकाश. साधा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको.

एका ड्रममधून दुसऱ्यात भुकटी ओतायची असेल तर आधी दोन्ही ड्रम अर्थिंगला जोडा. क्लॅम्प रंगावर बसला तर अर्थिंग झालेलंच नसतं. पत्रा खरवडून उघड्या धातूवर लावा, आणि ही खरवड भुकटी जवळ आणण्याआधी उरका. क्लॅम्प शेवटी काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओतू नका, तिच्यावर स्थिर वीज साचते. कपडे सुती, बिनदुमडीचे. लोखंडाचं ग्राइंडिंग त्याच डस्ट कलेक्टरवर (धूळ ओढून गोळा करणाऱ्या यंत्रावर) कधीही घेऊ नका. ठिणग्या तर आत जातातच, शिवाय गंज आणि ॲल्युमिनियम एकत्र पेटले की थर्माइट होतं, म्हणजे लोखंड वितळवणारी प्रचंड उष्णता निघते.

आपल्याकडे पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. ओल लागलेली भुकटी हायड्रोजन हा पेटणारा वायू सोडते आणि आतल्या आत तापते. २०१४ मध्ये चीनमधल्या कुनशान इथे चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात कलेक्टरखालच्या पिंपातली ॲल्युमिनियमची धूळ अशीच ओलीने तापली आणि स्फोटात शंभराहून अधिक कामगार गेले. ड्रम फुगलेला किंवा कोमट लागला तर झाकण उघडू नका, हलवूही नका. माणसं बाहेर काढा आणि सुपरवायझरला सांगा.

आग लागली तर पाणी नको, सीओटूचा सिलेंडरही नको; मॅग्नेशियम त्या वायूतही जळतं. डी-क्लासची (धातूच्या आगीसाठीची) पावडर किंवा पूर्ण कोरडी वाळू लांब दांड्याच्या फावड्याने आधी कडेने, मग वरून अलगद पसरवा. वाळूची पेटी झाकणाची हवी; जुलैत उघड्या बादलीतली वाळू दमट होते आणि तीच घात करते. वरची खपली फोडून बघू नका, आत निखारा तासन् तास राहतो. ढिगाला आवर घालणं हाताबाहेर गेलं तर दार ओढून बाहेर पडा, आणि अग्निशमन दलाला फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: धातूची भुकटी पेटली आहे, पाणी मारू नका.