मूत्राशयाचा कर्करोग आणि ट्यूमर मार्कर : या चुका टाळा

निपाणी-चिकोडी भागात विडीच्या तंबाखूवर अनेक घरांचा संसार चालतो आणि धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. तरीही न दुखता लघवीतून रक्त गेले, तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून जिऱ्याचे पाणी देत आठवडे घालवले जातात. पुढे कोणी ‘कॅन्सरचा मार्कर’, म्हणजे कर्करोगाची खूण दाखवणारा पदार्थ, म्हणून पीएसए ही रक्ताची चाचणी करून घेते आणि ती योग्य आली की निर्धास्त होते. पीएसए पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान करील असा भरवशाचा मार्कर रक्तात नाही.

लघवीत मार्कर शोधणाऱ्या एनएमपी-२२ किंवा बीटीए या चाचण्या उपयोगी आहेत, परंतु जंतुसंसर्ग, मूतखडा, लघवीतील रक्त किंवा मूत्राशयात नुकतेच दिलेले बीसीजी हे औषध यांमुळेही त्या पॉझिटिव्ह येतात. म्हणून संसर्ग असताना नमुना देऊ नये. पेशींच्या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी नेणे हीही नेहमीची चूक आहे, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी विरघळू लागतात. त्यानंतरची ताजी लघवी द्यावी. शिवाय ही तपासणी कमी श्रेणीच्या (कमी आक्रमक) गाठी पुष्कळदा चुकवते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळता येत नाही.

गाठीच्या तुकड्यावर विशेष रंग देऊन मार्कर असलेली प्रथिने पाहताना खरी काळजी नमुना काढल्याक्षणीच लागते. तुकडा कोरडा किंवा सलाइनमध्ये ठेवून खानापूरहून बेळगावला पाठवला, तर वाटेतच प्रथिने बिघडतात आणि असलेला मार्करही दिसेनासा होतो. तुकड्याच्या सुमारे दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन (तुकडा टिकवणारे द्रावण) भरलेली बाटली शस्त्रक्रियेपूर्वीच तयार हवी.

रिपोर्ट वाचताना सर्वाधिक गोंधळ ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ या दोन शब्दांमुळे होतो, आणि याबाबत मला विशेष तळमळीने सांगावेसे वाटते, कारण निगेटिव्ह म्हणजे चांगले अशी समजूत घरोघरी आहे. सीके-२० हे प्रथिन मूत्राशयाच्या निरोगी अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातही रंगते. ते अस्तराच्या पूर्ण जाडीत रंगले, तर अस्तरातल्या अस्तरात असलेल्या कर्करोगाची शंका येते. म्हणजे रंग आला की नाही, यापेक्षा तो कुठपर्यंत आला हे महत्त्वाचे. पी-५३ हे प्रथिन तर याहून फसवे आहे : बहुतेक पेशींत गडद रंग येणे जसे अस्वाभाविक, तसेच शेजारच्या निरोगी पेशी रंगलेल्या असताना गाठीत रंग अजिबात नसणेही अस्वाभाविक असू शकते. सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या रंगकामाशी ताडून पाहिल्याशिवाय यांपैकी कोणत्याही एका शब्दावर निर्णय घेऊ नये.

प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारासाठी (इम्युनोथेरपी) पाहिल्या जाणाऱ्या पीडी-एल-१ या मार्करबाबत कोणती अँटीबॉडी (मार्करला चिकटून तो दाखवणारे प्रथिन) वापरली हे विचारावे. २२सी३ या अँटीबॉडीमध्ये गाठीच्या व प्रतिकारपेशी एकत्र मोजून १० किंवा अधिक गुण ही मर्यादा धरली गेली, तर एसपी१४२ मध्ये केवळ प्रतिकारपेशींचे ५ टक्के क्षेत्र. दोन रिपोर्टांतील आकडे एकमेकांशेजारी ठेवून आजार वाढला की घटला, हे ठरवता येत नाही.

दुसऱ्या मतासाठी मिरज, बेंगळुरू किंवा मुंबईला जाताना अनेक नातेवाईक फक्त कागद घेऊन निघतात. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे पॅराफिन ब्लॉक रीतसर अर्ज करून सोबत घ्यावेत. ब्लॉक हाती नसेल, तर तिथे नवा मार्कर तपासता येत नाही आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याची वेळ येऊ शकते.